कथाचित्रांच्या ओढीने : अप्पा बळवंत चौकातील जुन्या दिवाळी अंकांचे दुकान

पुण्यात जुनी पुस्तके विकणाऱ्या दुकानांची वाण नाही, परंतु जुने दिवाळी अंक चित्रकारांच्या नावांनी लावून ठेवणारे दुकान माझ्या माहितीत एकच आहे. अप्पा बळवंत चौकातून तांबडी जोगेश्वरीच्या देवळाकडे जाताना शालेय पुस्तकांच्या दुकानांच्या ओळीत एका जुन्या वाड्याचा जिना लागतो. तो चढून गेले की पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत हे दुकान आहे. त्याला पाटी नाही आणि पावतीवरही नाव छापलेले नाही. नेहमीची मंडळी ‘काकांकडे जातो’ एवढेच म्हणतात, आणि खालच्या कोणत्याही दुकानात ‘जुने दिवाळी अंक’ म्हणून विचारले की जिना दाखवला जातो. मी कथा लिहिते. कथेसोबत छापले जाणारे चित्र, म्हणजे कथाचित्र, कथेच्या लेखनाशी किती जवळून निगडित आहे, हे मला या दुकानात बसून अंक चाळताना उमगले, आणि म्हणून हे परीक्षण मी जितके ग्राहक म्हणून लिहीत आहे तितकेच लेखक म्हणूनही लिहीत आहे.

दुकानाची मांडणी हीच त्याची खरी सेवा आहे. इतरत्र जुने अंक मासिकाच्या नावाने किंवा वर्षाने लावलेले असतात, आणि पुष्कळ ठिकाणी ते लावलेलेच नसतात; किलोच्या भावाने आलेला माल ढिगाने पडलेला असतो व ज्याला हवे त्याने उपसून घ्यावे अशी रीत असते. येथे भिंतीलगतच्या लाकडी मांडण्यांवर सुतळीने बांधलेले गठ्ठे आहेत आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या कडेला पुठ्ठ्याचा तुकडा खोचून त्यावर चित्रकाराचे नाव लिहिले आहे : दलाल, मुळगावकर, सरवटे, फडणीस. अंक दुकानात आला की काका तो पहिल्या पानापासून उलटतात, प्रत्येक कथाचित्राच्या कोपऱ्यातील सही पाहतात आणि एका चिठ्ठीवर पृष्ठक्रमांक व चित्रकार अशी नोंद करून ती चिठ्ठी मुखपृष्ठाच्या आत ठेवतात. एका अंकात चार चित्रकारांचे काम असेल तर ज्याची चित्रे सर्वांत अधिक, त्याच्या गठ्ठ्यात तो अंक जातो आणि उरलेल्या तिघांच्या गठ्ठ्यांत त्याचा उल्लेख असलेली चिठ्ठी जाते. मोठ्या ग्रंथालयांच्या सूचींमध्ये लेखकाचे नाव सापडते, कथेचे शीर्षक सापडते, कधी संपादकाचेही सापडते. कथाचित्र कोणाचे, हे त्यांत सहसा सापडत नाही. ती नोंद येथे एका माणसाने पेन्सिलीने करून ठेवली आहे, आणि ती विकत घेणाऱ्याला व नुसते पाहायला येणाऱ्याला सारखीच खुली आहे.

या मांडणीमुळे जे दिसते ते एरवी दिसत नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथा आणि चित्र एकत्र नांदत आले आहेत, हे आपण ऐकून असतो, परंतु एका चित्रकाराचे वीस-पंचवीस वर्षांचे काम एकाखाली एक ठेवून पाहिल्याशिवाय त्या सहवासाचा अर्थ लागत नाही. दीनानाथ दलाल यांचा गठ्ठा सर्वांत जाड आहे. गोव्यातून मुंबईत आलेल्या या चित्रकाराने १९४५ मध्ये स्वतःचे ‘दीपावली’ हे नियतकालिक सुरू केले आणि १९७१ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत मराठी घरांना दिवाळीतले रंग कसे असतात हे जणू त्यांनीच ठरवून दिले. त्यांची रंगीत मुखपृष्ठे सर्वांना ठाऊक आहेत. माझे लक्ष मात्र आतल्या काळ्या शाईच्या चित्रांवर खिळले, ज्यांत पदराची एक रेषा खांद्यावरून निघते ती न तुटता जमिनीपर्यंत येते आणि तेवढ्यावर बाईचे बसणे, तिचा थकवा आणि तिचे वय ही तिन्ही कळतात.

ही चित्रे बहुतांशी रेषेची का, याचे कारण छपाईत आहे आणि काका ते फार चांगले समजावून सांगतात. अक्षरांचे शिशाचे खिळे, म्हणजे टाइप, जुळवून छपाई होत असे त्या काळात रेषाचित्राचा जस्ताचा ठसा, ज्याला सगळे लाइन ब्लॉक म्हणत, लाकडी ठोकळ्यावर टाइपाच्याच उंचीला बसवता येई आणि मजकुराबरोबर त्याच साध्या कागदावर, त्याच दाबात छापता येई. छटांच्या चित्रासाठी हाफटोन ब्लॉक लागे व तो नीट उमटायला गुळगुळीत आर्ट पेपर लागे; रंगीत चित्रासाठी तर प्रत्येक रंगाचा ब्लॉक निराळा आणि छपाईच्या फेऱ्याही निराळ्या. म्हणून रंगीत चित्रे अंकात मोजकी आणि वेगळ्या पानांवर असत, आणि कथेच्या अगदी अंगाला अंग लावून उभे राहायचे काम रेषेकडे आले. या अडचणीने आपल्याकडे केवढी मोठी कला घडवली, याची जाणीव मला ती पाने हातात धरल्यावर झाली. ठशाच्या दाबाने कागदाच्या मागच्या बाजूला रेषा किंचित उठलेली असते. बोट फिरवले तर ती लागते.

एका चित्राविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण माझी ही सगळी ओढ तेथून सुरू झाली. अंक साठच्या दशकातला आहे, कथा आज कोणाच्या स्मरणात नसलेल्या एका लेखिकेची आहे आणि चित्राखाली नुसती आद्याक्षरे आहेत. वडिलांच्या मागे घर विकायला म्हणून मुंबईहून आलेला मुलगा आणि आई यांची ही कथा आहे. दोघे सबंध कथाभर व्यवहाराचे बोलतात. वडिलांचा उल्लेख सुरुवातीला एकदा येतो, पुढे येत नाही. चित्रात आई पाठमोरी बसून तांदूळ निवडते आहे, मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा आहे आणि दोघांच्या मधल्या भिंतीवर खुंटीला एक काळी टोपी टांगलेली आहे. ती टोपी कथेत कोठेही नाही. मी कथा शोधून पुन्हा वाचली, खुंटीही नाही. चित्रकाराने कथा वाचली, तिच्यात न बोललेले काय आहे ते ओळखले आणि ते भिंतीवर टांगून ठेवले. शिवाय टोपी चित्राच्या बरोबर मध्यभागी असूनही डोळा प्रथम आईच्या हातांकडे जातो, नंतर मुलाकडे जातो आणि त्या वाटेवर टोपीला अडखळतो. लेखिकेने दोन पानांत जो अबोला उभा केला होता, तो चित्रकाराने वाचकाच्या नजरेच्या वाटेत ठेवला.

मला वाटते, लेखकाने कथाचित्रांवर प्रेम करण्याचे मुख्य कारण हेच आहे. चित्रकार हा कथेचा असा वाचक असतो की जो आपले वाचन लिहून न दाखवता काढून दाखवतो. संपादक कथा निवडतो, वाचक पत्र पाठवतो, समीक्षक मत देतो; परंतु कथा वाचताना एखाद्याच्या मनात नेमके काय उभे राहिले, कोणते वाक्य त्याने धरले आणि कोणते सोडून दिले, हे लेखकाला डोळ्यांनी पाहता येण्याची सोय कथाचित्राखेरीज दुसरी नाही. वसंत सरवटे यांचा गठ्ठा या दृष्टीने मी वारंवार काढायला लावते. व्यवसायाने अभियंता असलेल्या या चित्रकाराची माणसे पाहावीत : चेहऱ्यावर फारसे काही नसते, नाक आणि चष्मा एवढ्यावर भागवलेले असते, पण माणूस उभा कसा आहे, पोट किती पुढे आहे, हातातली पिशवी त्याने स्वतः धरली आहे की कोणी धरायला दिली आहे, यावरून त्याचा स्वभाव, त्याची ऐपत आणि घरातले त्याचे स्थान कळते. विनोदी लेखाचे चित्र काढताना ते लेखातला विनोद पुन्हा सांगत नाहीत. त्या विनोदाच्या आधीचा किंवा नंतरचा क्षण घेतात. कथालेखकाने कोणता प्रसंग लिहावा आणि कोणता गाळावा, याचे इतके चांगले शिक्षण मला कोणत्याही कार्यशाळेत मिळालेले नाही.

पानावरील चित्राची जागा हाही अभ्यासाचा विषय आहे. जुन्या अंकांत खिळे जुळवणारे जुळारी ठशाच्या भोवतीने मजकूर वळवत असत, त्यामुळे काही ओळी दोन-तीन शब्दांच्याच होतात आणि वाचनाचा वेग तेथे आपोआप मंदावतो. पुष्कळदा चित्र प्रसंगाच्या एक पान आधी येते. वाचकाला कोणी तरी धावत येणार आहे हे ठाऊक होते, पण का, हे ठाऊक नसते. चांगल्या संपादकांनी हे जाणूनबुजून केले असावे असे काही अंक पाहून वाटते. शीर्षकांची अक्षरेही हाताने काढलेली असत आणि ती कथेच्या प्रकृतीप्रमाणे बदलत. गूढकथेचे शीर्षक आणि ग्रामीण कथेचे शीर्षक एका हाताने लिहिलेले असूनही निराळ्या आवाजात बोलते.

रंगीत पानांच्या बाबतीत मात्र जाणाऱ्याने मनाची तयारी ठेवावी. रघुवीर मुळगावकर यांची देवदेवतांची आणि स्त्रियांची चित्रे लोकांना इतकी आवडत की ती अंकातून कापून चौकटीत लावली जात; अनेक घरांच्या भिंतींवर ती वर्षानुवर्षे होती. साहजिकच त्यांच्या गठ्ठ्यातील बऱ्याच अंकांत मधले पान नाही. काका अशा अंकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने ‘चित्र नाही’ असे स्वच्छ लिहितात आणि किंमत निम्मी करतात. जुन्या वस्तूंच्या व्यवहारात हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. काही अंकांच्या खालच्या कडेला तपकिरी लाटेसारखा डाग आहे. नारायण पेठेतील एका घरातून आलेले हे अंक १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात भिजलेले आहेत असे काकांनी सांगितले. त्या दिवशी नदीकाठच्या पेठांमधून घरोघरचे किती कागद वाहून गेले असतील याची कल्पनाच करवत नाही. त्यांतून वाचलेले हे अंक कोणी तरी पान पान सुटे करून वाळवलेले आहेत. त्यांवरची शाई फुटलेली नाही. चित्रे जशीच्या तशी आहेत.

किमतींविषयी सांगायचे तर त्या वाजवी आहेत. गेल्या वीस-तीस वर्षांतील बहुतेक अंक शंभर रुपयांच्या आत मिळतात, साठ-सत्तरच्या दशकातील अंकांना दोनशे ते चारशे रुपये पडतात आणि त्याहून जुन्या व सुस्थितीतील अंकांची किंमत काका अंक पाहून सांगतात. घासाघीस चालत नाही, पण विद्यार्थी असल्याचे सांगितले तर ते स्वतःहून कमी करतात. चित्रकला महाविद्यालयांतील मुले येथे बरीच येतात आणि खिडकीजवळच्या बाकावर तासन् तास बसतात. ‘बसा, घाई नाही,’ एवढेच काका प्रत्येकाला म्हणतात आणि आपल्या चिठ्ठ्या लिहायला लागतात.

दुसऱ्या खोलीत मुलांच्या मासिकांचे एक कपाट आहे आणि तेही चुकवू नये. पुण्यातूनच, बालभारतीतर्फे, नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘किशोर’चे जुने अंक येथे बऱ्यापैकी सलग आहेत. हे अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य वाचायला ठेवलेले आहेत आणि तो मोठाच उपक्रम आहे. तरीही चित्र आणि मजकूर यांचे प्रमाण कसे योजले होते हे पूर्ण आकाराचे जोडपान समोर उघडल्यावर जसे कळते तसे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर कळत नाही. मुलांच्या कथेत चित्राला निम्मे काम उघडपणे दिलेले असते आणि त्यामुळे लेखकाला वाक्ये वाचवावी लागतात. शि. द. फडणीस यांच्या गठ्ठ्याकडे मी याच कपाटावरून वळले. शब्दाविना हसवणारी त्यांची ‘मोहिनी’ मासिकावरील मुखपृष्ठे आणि गणिताच्या पाठ्यपुस्तकांसाठी त्यांनी काढलेली चित्रे आमच्या पिढीच्या ओळखीची, पण एकाच चित्रात आधी काय घडले आणि पुढे काय घडणार हे दोन्ही ठेवण्याची त्यांची हातोटी लघुकथेच्या किती जवळची आहे, हे ती चित्रे सलग पाहिल्यावर ध्यानात येते.

या वाचनाचा माझ्या लेखनावर झालेला परिणाम येथे नोंदवणे अस्थानी होणार नाही, कारण एखाद्या लेखकाने या दुकानात का जावे याचे उत्तर त्यात आहे. अलीकडे एका दिवाळी अंकात माझी कथा आली आणि तिच्यासाठी चित्रकाराने जे चित्र काढले ते पाहून मी चकित झाले. निवृत्त कारकुनाच्या त्या कथेत, बसमध्ये खिडकीजवळची जागा रिकामी असूनही तो कडेच्या जागेवर बसतो, असे एक वाक्य मी जाता जाता लिहिले होते. चित्रकाराने नेमके तेच घेतले होते : रिकामी खिडकी, तिच्यातून येणारे ऊन आणि कडेला मांडीवर डबा धरून अंग चोरून बसलेला माणूस. त्याच्या संकोचाविषयी मी पुढे दोन परिच्छेद लिहिले होते. कथासंग्रहाचे हस्तलिखित तयार करताना ते दोन्ही परिच्छेद मी काढून टाकले आणि ते वाक्य मात्र जागेवर ठेवले. हल्ली लिहिताना मी माणसांचे चेहरे फारसे वर्णीत नाही. ती कोठे बसतात, कशाला टेकतात, हातांचे काय करतात, याकडे माझे लक्ष अधिक असते.

आजच्या दिवाळी अंकांविषयी मात्र एक खंत व्यक्त केल्यावाचून राहवत नाही. काही संपादक आजही प्रत्येक कथेसाठी चित्रकाराला कथा वाचायला देतात, वेळ देतात आणि मानधनही देतात. त्यांचे अंक उघडताक्षणी ओळखू येतात. परंतु पुष्कळ अंकांत तयार संग्रहांतून उचललेली चित्रे कथेच्या माथ्यावर बसवलेली दिसतात. पावसाची कथा असली की छत्री, म्हाताऱ्याची कथा असली की काठी. असे चित्र कथा न वाचताच निवडता येते, आणि वाचकालाही ते ताबडतोब समजते. जेथे चित्रकाराने खरोखर काम केलेले असते तेथेही अनुक्रमणिकेत कथेसमोर लेखकाचे नाव असते, चित्रकाराचे नसते. सर्वांची नावे कोठे तरी एका ओळीत एकत्र दिलेली असतात आणि कोणते चित्र कोणाचे हे सहीवरून ताडावे लागते. काका पेन्सिलीने जे काम करतात ते अंक छापतानाच व्हायला हवे. प्रत्येक कथेच्या शीर्षकाखाली दोन नावे छापायला काहीही खर्च येत नाही.

दुकानाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. जिना अरुंद आणि उभा आहे, कठड्याला दोरी बांधलेली आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना तो झेपणार नाही, आणि ज्यांनी हे अंक तरुणपणी ताजे असताना वाचले त्याच वाचकांना वर येणे अवघड व्हावे, हे मनाला लागते. आतल्या खोलीत उजेड कमी आहे. धूळ भरपूर आहे, तेव्हा ज्यांना तिचा त्रास होतो त्यांनी तोंडाला रुमाल बांधून जावे. गठ्ठ्यांची एकत्रित सूची नाही. ती काकांच्या डोक्यात आहे आणि ते बाहेरगावी गेले की दुकान बंद असते. ही सूची कोणीतरी त्यांच्याकडे बसून उतरवून घेतली पाहिजे, असे मला कळकळीने वाटते. एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाने आणि चित्रकला विभागाने मिळून हे काम हाती घेतले तर मराठी कथेच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित अंग त्यामुळे उजेडात येईल.

दुपारी एक ते चार दुकान बंद असते आणि व्यवहार रोखीचा आहे. मेट्रोच्या कसबा पेठ किंवा मंडई स्थानकावरून चालत येता येते. स्वतःचे वाहन आणू नये, विशेषतः जूनमध्ये, कारण शाळा सुरू होण्याच्या दिवसांत या चौकात पाय ठेवायला जागा नसते. आत छायाचित्रे काढू देत नाहीत. वही-पेन्सिल न्यावी आणि चित्र पाहून रेखाटावे, त्याला हरकत नाही. चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवायला मात्र मनाई आहे, कारण पेन्सिलीचा दाब जुन्या कागदावर कायमचा उमटतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याने प्रसिद्ध नावांपाशी न थांबता खालच्या फळीवरचा ‘नाव माहीत नाही’ असे लिहिलेला गठ्ठा मागावा. टोपीचे चित्र त्यातलेच आहे, आणि त्या तोडीची आणखी कितीतरी चित्रे त्यात आहेत. दसऱ्याच्या सुमारास घरोघरची कपाटे आवरली जातात तेव्हा काकांकडे नवा माल येतो आणि तो पाहून, चिठ्ठ्या लिहून गठ्ठ्यांत लावायला त्यांना महिना तरी लागतो; तेव्हा दिवाळी उलटल्यावर, शक्यतो सकाळी अकराच्या आत जावे, म्हणजे खिडकीजवळचा बाक रिकामा मिळतो.